दांड्याला जागा, आट्यांना पकड

गिटारवरचा सगळ्यांत स्वस्त भाग कोणता, असं विचारलं तर मी ट्यूनिंगच्या चावीमागचा स्क्रू दाखवेन. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर, जाडी दोन मिलिमीटरच्या किंचित वर. चाव्या ज्यावर बसतात तो हेडस्टॉक तडकून माझ्या टेबलावर येतो तेव्हा मी आधी या स्क्रूंची भोकं बघतो. गिटार पडून मोडलेली नसेल, तर बहुतेक वेळा तडा तिथूनच निघालेला असतो. नेक उत्तम मेपलची, फ्रेट नीट बसलेले, तारा नव्या. आणि स्क्रूच्या भोकातून निघून लाकडाच्या रेषेत पुढे गेलेली एक बारीक भेग. वाजवणाऱ्याला ती कित्येक दिवस दिसतही नाही. मग एखादी चावी हलायला लागते, सूर टिकेनासा होतो, आणि गिटार माझ्याकडे येते.

हे नुकसान टाळता येण्यासारखं आहे, म्हणून त्याचं मला जास्त वाईट वाटतं. त्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. व्हर्नियर कॅलिपर, योग्य मापाचा बिट आणि लाकूड कसं वागतं याची समज एवढं पुरतं. इतकी वर्षं या कामात काढल्यावर मला सांगायचं आहे ते एवढंच की स्क्रूच्या दांड्याला जागा करून द्या आणि आट्यांना पकड राहू द्या. बाकीच्या साऱ्या युक्त्या याच्याच पोटात येतात.

मी सुतारांच्या घरातला. पुण्यात बाबांचं दारं, खिडक्या, कपाटं करण्याचं काम होतं, त्यामुळे माझा हात सागवानावर बसला. कॉलेजात गिटारचा नाद लागला, मित्रांच्या गिटारी उघडून बघता बघता दुरुस्ती जमायला लागली आणि तोच धंदा झाला. सागवानावर शिकलेला हात मेपलवर नेताना पहिली सवय बदलावी लागते ती भोकाची. सागवान मध्यम कठीण, अंगात तेल असलेलं लाकूड. त्यात कारागीर टोच्यानं खूण करतो, स्क्रू पिळत नेतो आणि लहान कामात ते निभावून जातं. गिटारच्या नेकसाठी वापरतात ते उत्तर अमेरिकेतलं हार्ड मेपल सागवानाहून बरंच कठीण आणि दाट. त्यात नुसत्या टोच्याच्या खुणेवर स्क्रू पिळला, तर एक तर स्क्रूचं डोकं तुटून हातात येतं, नाही तर लाकूड फाकतं.

लाकूड फाकतं म्हणजे काय होतं, हे बाबांनी मला सरपण फोडताना दाखवलं होतं. ओंडक्याच्या तोंडावर पाचर लावली की दोन घावांत तो उभा चिरतो. तीच पाचर आडवी लावली तर कुऱ्हाड दमते. लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेनं भक्कम असतात, पण एकमेकांना शेजारी शेजारी धरून ठेवण्याची त्यांची ताकद त्या मानानं फारच कमी असते. भोक न पाडता किंवा लहान भोकात घुसवलेला स्क्रू हीच पाचर असते. तो तंतू कापत नाही, बाजूला रेटतो. आणि हेडस्टॉकवर त्याला रेटायला फार लाकूड नसतंच. सहा चाव्या एका रांगेत असलेल्या हेडस्टॉकची जाडी साधारण १४ मिलिमीटर. त्यात चाव्यांची सहा मोठी भोकं, शेजारी स्क्रूंची बारकी भोकं, आणि ही सगळी रांग थोड्याफार फरकानं लाकडाच्या रेषेतच. म्हणून एका भोकातून निघालेली भेग दुसऱ्या भोकापर्यंत सहज पोचते. तिथे ती थांबते असं वाटतं, पण पुढच्या स्क्रूला पीळ दिला की पलीकडून पुन्हा निघते.

आता मापं. चावीमागच्या नेहमीच्या स्क्रूची आट्यांसकट जाडी सुमारे २.२ मिलिमीटर असते. आटे वगळून मधला दांडा मोजला तर तो दीड मिलिमीटरच्या आसपास भरतो. मेपलसाठी मी १.६ ते १.८ मिलिमीटरचा बिट वापरतो, मऊ महोगनीसाठी १.५ चा. म्हणजे दांड्याला पूर्ण जागा मिळते आणि आटे तेवढे भोकाच्या भिंतीत घुसतात. स्क्रू धरतो तो आट्यांच्या जोरावर. दांडा घट्ट बसल्यानं पकड वाढत नाही, फक्त ताण वाढतो. पण ही मापं पाठ करून चालत नाही. चाव्यांच्या प्रत्येक संचाबरोबर येणारे स्क्रू थोडे वेगळे असतात. मी दर वेळी कॅलिपरनं दांडा मोजतो आणि त्याच जातीच्या टाकाऊ तुकड्यात एक भोक पाडून बघतो. स्क्रू हातानं, मनगटाच्या जोरानं, एकसारखा गेला पाहिजे. कुरकुरला तर बिट एक दशांश मिलिमीटरनं वाढवायचा. हल्ली भाजलेल्या मेपलच्या नेकची फॅशन आहे. भट्टीत भाजल्यानं ते लाकूड ओल कमी धरतं, दिसतंही देखणं, पण ठिसूळ होतं. त्यात भोक आणखी किंचित मोठं घ्यावं लागतं आणि किनाऱ्याजवळ तर फार जपावं लागतं.

काम मी ठरावीक क्रमानं करतो. चाव्या आधी नुसत्या बसवायच्या, पट्टी लावून सहाही एका रेषेत आणायच्या, मग खुणा करायच्या. टोच्यानं बारीक खड्डा पाडायचा म्हणजे बिट घसरत नाही. बिटवर चिकटपट्टीचा झेंडा लावून खोली ठरवायची. हेडस्टॉकच्या समोरच्या बाजूनं बाहेर आलेलं भोक झाकता येत नाही. भोक पडल्यावर त्याच्या तोंडाशी असलेलं लॅकर काउंटरसिंकचा बिट हातात धरून जरासं उतरवायचं. हे फार लोक करत नाहीत. आजचं पॉलिएस्टरचं फिनिश काचेइतकं कडक असतं. स्क्रूच्या आट्यांनी त्याची कड उचलली की ते तारे फुटल्यासारखं तडकतं आणि गिऱ्हाइकाला लाकूडच फुटलं असं वाटतं.

त्यानंतर त्याच मापाचा एक साधा पोलादी स्क्रू घेऊन आधी आटे पाडून घ्यायचे. चाव्यांबरोबर येणारे सोनेरी किंवा क्रोमचे स्क्रू बरेचदा मऊ धातूचे असतात. कठीण मेपलमध्ये आटे कापण्याचं काम त्यांच्याकडून करून घेऊ नये. आट्यांना मेण चोळायचं. साधी मेणबत्ती चालते, मधमाशीचं मेण असेल तर उत्तम. जुने कारागीर साबण वापरायचे, पण साबण हवेतली ओल ओढतो आणि स्क्रू गंजतो. शेवटी एक नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर आणि स्वतःचा हात. या स्क्रूंना ड्रिल मशीन लावायचं नाही. लाकूड प्रतिकार करू लागलं हे मनगटाला लगेच कळतं, यंत्राला कळत नाही.

मध्यंतरी एक इंजिनिअरिंगचा मुलगा गिटार घेऊन आला. तारांना लॉक असलेल्या नव्या चाव्या त्यानं घरीच बसवायला घेतल्या होत्या. चौथ्या स्क्रूचं डोकं तुटलं, पाचव्याला भेग गेली. "काका, स्क्रू जातच नव्हता, म्हणून मशीन लावलं," तो म्हणाला. मी विचारलं, "भोक किती मिलिमीटरचं पाडलंस?" तो म्हणाला, "भोक नाही पाडलं. स्क्रूला टोक आहे ना!" त्याला मी भिंग दिलं आणि भेग कुठून कुठवर गेली आहे ते बघायला सांगितलं. पोरगं हुशार होतं. तंतूंच्या रेषा आणि भेग एकाच दिशेनं धावतायत हे त्याचं त्यालाच दिसलं. मग मी त्याला टाकाऊ मेपलचा तुकडा आणि दोन बिट दिले. आता तो आपल्या मित्रांच्या गिटारींवर चाव्या बसवून देतो, आणि त्यातली एकही तडकून माझ्याकडे आलेली नाही.

स्क्रूपेक्षा जास्त नुकसान करणारा एक भाग आहे, तो म्हणजे बुश. जुन्या क्लूसन पद्धतीच्या चाव्यांना समोरून एक धातूचं कडं भोकात दाबून बसवतात. त्यासाठी भोक पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास लागतं. आजच्या बंद पेटीच्या चाव्यांना साधारण १० मिलिमीटरचं. कारखान्यातून आलेल्या नेकमध्ये लॅकरचा थर भोकाच्या आत उतरलेला असतो, म्हणून कागदावर माप बरोबर असलं तरी बुश घट्ट होतो. तो हातोडीनं ठोकला की हेडस्टॉक चिरलाच समजा. मी आधी भोकातलं लॅकर रीमरनं किंवा पॉलिश पेपर गुंडाळलेल्या काडीनं काढतो. बुश अंगठ्यानं अर्धा आत गेला पाहिजे. उरलेला अर्धा, मध्ये लाकडी तुकडा ठेवून, क्लॅम्पनं हळूहळू दाबायचा. जुना बुश काढायचा असेल तर सोल्डरिंग आयर्न त्याला क्षणभर टेकवून गरम करायचा, लॅकर सैल झालं की तो मागून सरळ ढकलला जातो. भोक मोठं करायचं असेल तर साधा ड्रिल बिट घालू नये. आधीच पडलेल्या भोकात तो तंतूंना आकडे लावून ओढतो आणि कडेची कपची उडवतो. हाताचा निमुळता रीमर दोन्ही बाजूंनी आलटून पालटून फिरवला की भोक सरळ राहतं आणि लाकूड शाबूत राहतं.

इथे ऋतूचा संबंध येतो, आणि आपल्याकडे तो फार जवळचा आहे. ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत लाकडात साधारण ९ टक्के ओल असते. ८५ टक्के आर्द्रता असली तर ती १८ टक्क्यांच्या आसपास जाते. मुंबई, कोकण, गोवा इथे जुलैत हवा अशीच असते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २५ ते ३० टक्क्यांच्याही खाली उतरते. ओल वाढली की लाकूड रेषेच्या आडव्या दिशेनं फुगतं, कमी झाली की आक्रसतं. लाकूड आक्रसतं तेव्हा त्यातलं भोकही आडवं अरुंद होतं. धातूचा बुश मात्र आहे तेवढाच राहतो. त्यामुळे पावसाळ्यात जोर लावून बसवलेला बुश लगेच काही करत नाही. पुढच्या उन्हाळ्यात, गिटार कपाटात पडलेली असताना, तडा जातो आणि मालक म्हणतो की मी तर हातही लावला नव्हता. मडगावच्या एका संगीत शिक्षकांची गिटार अशीच पुण्यात राहायला आल्यावर तडकली. म्हणून पावसाळ्यात आलेल्या नेकवर मी घाईनं बुश बसवत नाही. ती आधी दुकानातल्या कोरड्या खोलीत, ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत ठेवतो आणि मगच भोकाला हात लावतो.

जोर न लावता भोक जुळवण्याचं हेच शास्त्र मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या पाळलं गेलं आहे. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर खुंटीचं निमुळतेपण आणि भोकाचं निमुळतेपण एकमेकांत घासून घासून जुळवतात. खुंटी एका कडेवर नव्हे तर सगळ्या अंगानं टेकली पाहिजे, हा त्यामागचा हिशोब. सरकते म्हणून खुंटी जोरानं आत दाबली तर दांडीला चीर जाते. त्यावर उपाय खडू आणि नीट घासलेलं भोक. तानपुरा आणि गिटार वेगळी वाद्यं असली, तरी निमुळती वस्तू लाकडात रेटली की काय होतं, हे दोन्हीकडे सारखंच आहे.

नेक आणि धड जोडणाऱ्या स्क्रूंबद्दलही थोडं सांगतो. रेडिओ दुरुस्ती करणाऱ्या लिओ फेंडर यांनी १९५० च्या सुमारास भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली तेव्हा नेक डिंकानं चिकटवण्याऐवजी चार स्क्रूंनी जोडली. नेक खराब झाली तर बदलता यावी, हा त्यामागचा विचार. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्येही तीच पद्धत होती. हे स्क्रू सुमारे ४.२ मिलिमीटर जाडीचे आणि ४५ मिलिमीटर लांबीचे. नेकमधलं भोक मेपलसाठी ३.२ मिलिमीटरच्या आसपास घ्यावं. धडातलं भोक मात्र एवढं मोठं हवं की स्क्रू त्यातून हातानं सहज आरपार जाईल. धडातही आटे लागले, तर स्क्रू कितीही पिळला तरी नेक धडाला ओढून चिकटत नाही. मध्ये फट राहते. ती फट मिटवायला माणूस आणखी जोर लावतो आणि नेकच्या टाचेला चीर पडते. टाचेतली भोकं लाकडाच्या टोकाजवळ असतात, आणि टोकाजवळचं लाकूड सगळ्यांत लवकर फाकतं. दुकानात आलेली टाच मी उघडतो तेव्हा आधी धडातल्या भोकातून स्क्रू सैल जातो का ते पाहतो. बऱ्याचदा रोगाचं मूळ तिथेच सापडतं.

आता तडा गेलाच तर. पहिलं काम म्हणजे तारा सैल करणं. इलेक्ट्रिक गिटारवर नेहमीच्या दहा नंबरच्या तारांचा एकूण ओढा ४५ किलोच्या वर असतो, अकूस्टिकवर बारा नंबरच्या तारांचा ७० किलोच्या पुढे. हा भार भेगेवर क्षणभरही ठेवू नये. दुसरं, तो स्क्रू आणखी पिळून बघू नये. तिसरं, भेगेत काही ओतू नये. तारा सैल केलेली, कापडात गुंडाळलेली गिटार आली की माझं निम्मं काम झालेलं असतं.

मी सगळे धातूचे भाग उतरवतो आणि भेग कुठवर गेली ते शोधतो. तिरपा उजेड टाकला की बरंच दिसतं. शंका असेल तर लायटरमध्ये भरायचं द्रव कापसानं पुसतो. वरचं उडून जातं, भेगेत शिरलेलं थोडा वेळ टिकतं आणि भेगेची रेषा गडद दिसते. हे काम करताना जवळपास ज्योत किंवा गरम सोल्डरिंग आयर्न नसावं, आणि ते पूर्ण उडून गेल्याशिवाय डिंक लावू नये.

डिंक कोणता, हा पुढचा प्रश्न. भेग वाकवून थोडी उघडत असेल, तर मी पिवळा अ‍ॅलिफॅटिक डिंक वापरतो. टाइटबॉन्ड ओरिजिनल हा त्यातला सर्वांना माहीत असलेला. भेग उघडून ठेवायची, डिंक तोंडाशी लावायचा आणि तो तळाशी पोचवायचा. त्यासाठी बारीक सुईची सिरिंज, कागदाइतकी पातळ पट्टी, कधी दाताचा दोरा, कधी बाहेरून हवेचा हलका झोत असं जे लागेल ते वापरतो. भोकाच्या बाजूनं डिंक डोकावला की समजायचं, तो आरपार गेला. मग बटर पेपर आणि बुचाची पट्टी मध्ये घालून क्लॅम्प लावायचा, बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्यानं पुसायचा आणि चोवीस तास हात लावायचा नाही. क्लॅम्पही बेतानं आवळायचा. फार दाबलं तर सगळा डिंक बाहेर पडतो आणि सांधा उपाशी राहतो.

भेग इतकी घट्ट असेल की उघडतच नाही, तर पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट उपयोगी पडतो. आधी क्लॅम्पनं भेग मिटवायची, मग कडेला एक थेंब सोडायचा. तो आपोआप आत ओढला जातो. याला दुसरी संधी नसते. जिथे टेकेल तिथे चिकटतो आणि नायट्रोसेल्युलोज लॅकर खातो, म्हणून आजूबाजूचा भाग झाकून घ्यावा लागतो. सांडलं म्हणून अ‍ॅसिटोन फिरवलं तर उरलंसुरलं फिनिशही जातं.

घरातलं फेविकॉल चालेल का, असं खूप जण विचारतात. फेविकॉल १९५९ मध्ये आलं आणि सुतारांच्या हातून सरस शिजवण्याचं काम सुटलं. बाबांचं सगळं फर्निचर त्यावर उभं आहे, आणि फर्निचरला ते उत्तम आहे. पण अशा पांढऱ्या डिंकाचा सांधा सततच्या ओढ्याखाली, विशेषतः उष्णतेत, कणाकणानं सरकतो. खुर्चीला त्यानं काही होत नाही. रात्रंदिवस तारांचा ओढा सहन करणाऱ्या हेडस्टॉकला होतं, आणि एप्रिलमध्ये बंद गाडीत ठेवलेल्या गिटारला तर नक्कीच होतं. उलट, जुना सरस ६० अंशांच्या आसपास गरम ठेवून लावला तर वाळल्यावर कडक होतो, सरकत नाही, आणि पुढे कधी सांधा उघडायचा झाला तर ऊब आणि ओल देऊन उघडतो. जुन्या, मोलाच्या वाद्यांसाठी मी अजूनही सरस शिजवतो.

भेग जुळली म्हणजे काम संपत नाही. ज्या भोकानं तडा दिला ते तसंच ठेवून पुन्हा स्क्रू घालायचा नसतो. भोकात मेपलचा प्लग चिकटवून ते बंद करायचं. प्लग शक्यतो असा कापायचा की त्याच्या रेषा हेडस्टॉकच्या रेषांशी जुळतील. बाजारात मिळणाऱ्या गोल काडीत रेषा उभ्या असतात, आणि तंतूंच्या टोकात घातलेला स्क्रू कमी धरतो. सैल झालेल्या भोकात टूथपिक आणि डिंक घालणं तात्पुरतं ठीक, फाटलेल्या भोकाला नाही. तुटून आत राहिलेला स्क्रू असेल तर पोकळ नळीच्या तोंडाला दाते पाडून त्याच्याभोवती कापायचं, तुकडा काढायचा आणि तसाच प्लग बसवायचा. सगळं वाळल्यावर दोन्ही बाजूंनी हलका क्लॅम्प धरून नवं भोक पाडायचं. जुन्या भोकापासून दोन मिलिमीटरवर नवं भोक पाडायचा मोह होतो. जुनं भरल्याशिवाय तसं केलं तर बिट त्यातच घसरतो आणि मधली पातळ भिंत कोसळते.

काही हेडस्टॉक मुळातच नाजूक असतात. गिब्सनच्या लेस पॉलसारख्या गिटारचा हेडस्टॉक महोगनीचा आणि १७ अंशांनी मागे झुकलेला. मधली काही वर्षं तो १४ अंशांचा होता. एका सरळ फळीतून असा कोन कापला की वळणापाशी तंतू आखूड होतात. तिथेच ट्रस रॉडच्या, म्हणजे नेकमधल्या धातूच्या सळईच्या, नटसाठी लाकूड कोरलेलं असतं. अशा गिटारवर त्या कोरीव जागेवरच्या झाकणाचे छोटे स्क्रू पिळतानाही मी भोक मोजतो. तिथला तडा लांब रेषेत, तिरपा गेला असेल तर नुसत्या डिंकानं तो उत्तम जुळतो. आखूड रेषेत आडवा गेला असेल तर मागून खाचा घेऊन कठीण लाकडाच्या पट्ट्या बसवाव्या लागतात. कोणता तडा कोणत्या प्रकारचा, हे बघितल्याशिवाय मी खर्चाचा आकडा सांगत नाही.

आणि तो आकडा स्पष्ट सांगतो. नवशिक्याच्या गिटारची दुरुस्ती तिच्या किमतीहून महाग पडणार असेल तर ते आधी बोलून टाकतो. तरी काही जण म्हणतात, "दादा, आजोबांनी घेऊन दिलेली आहे, करा." मग ती करतो, आणि महागड्या गिटारवर जितका वेळ देतो तितकाच तिला देतो. दुरुस्त केलेली जागा कुठे आहे, हे मालकाला दाखवतो आणि बिलावर लिहून देतो. पुढे ती गिटार कुणी विकत घेतली तर त्यालाही खरं कळलं पाहिजे. डिंकानं नीट जुळलेला सांधा बहुतेक वेळा शेजारच्या लाकडाइतका भक्कम असतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

सर्वांत अवघड असतात त्या गिटारी, ज्यांच्या भेगेवर आधीच कुणीतरी झटपट डिंकाचा थेंब टाकलेला असतो. तो वरवर तोंड बंद करतो, आत काही पोचत नाही, आणि जुन्या डिंकावर नवा धरत नाही. मग तो खरवडून काढताना चांगले तंतूही जातात. तासाभराचं काम चार दिवसांवर जातं आणि सांधा मूळ मेळाला पुन्हा येत नाही.

म्हणून गिटार वाजवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. नव्या चाव्या घेतल्या तर बसवण्याआधी स्क्रूचा दांडा आणि बुशाचा व्यास मोजा, हेडस्टॉकची भोकं मोजा, टाकाऊ तुकड्यावर एकदा करून बघा. जोर लावावा लागतो आहे असं वाटलं की थांबा. भोक लहान आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि भेग दिसलीच तर तारा सैल करा, काहीही न लावता ती जाणत्या कारागिराकडे त्याच आठवड्यात न्या. योग्य मापाचा बिट एका कप चहाच्या किमतीत मिळतो. तडकलेली नेक जुळवण्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट येतो.